ॲडव्हेंचर गेम्सची किंमत तासांवर ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीसाठी संगणकावरच्या ॲडव्हेंचर गेम्सची यादी आली होती. ती मी आणि पीयूसीत (अकरावी-बारावीत) शिकणाऱ्या माझ्या भाचीने एकत्र बसून वाचली. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान द्यावे याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र प्रत्येक गेमच्या नावापुढे तो पूर्ण व्हायला लागणारे तास छापले होते आणि जितके तास अधिक तितका गेम 'पैसा वसूल' असे गृहीत धरून क्रम लावला होता. साठ तासांचा गेम सर्वांत वर होता आणि दोन तासांत संपणारे दोन गेम 'घेऊ नयेत' या चौकटीत टाकले होते. हा निकष मला चुकीचा वाटतो. मी गेली जवळपास तीस वर्षे हे खेळ खेळत आले आहे, आणि माझा अनुभव असा आहे की या प्रकारात बहुतेक वेळा छोटा खेळच अधिक आनंद देतो.

ॲडव्हेंचर गेममध्ये हात किती चपळ आहे याला फारसे महत्त्व नसते. एक गोष्ट उलगडत जाते, तिच्या वाटेत कोडी असतात आणि ती सोडवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. त्यामुळे खेळणाऱ्याचा वेळ तीन ठिकाणी जातो: गोष्ट वाचण्या-ऐकण्यात, एका जागेवरून दुसऱ्या जागी चालण्यात आणि अडून बसण्यात. छापलेल्या साठ तासांपैकी गोष्टीचे किती, पायपिटीचे किती आणि अडून बसण्याचे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. उत्तरपत्रिकेची पाने मोजून मी गुण दिले, तर पालक मला जाब विचारतील आणि तो योग्यच असेल.

या प्रकाराला ज्या 'ॲडव्हेंचर' नावाच्या खेळाने नाव दिले, त्याचा इतिहास येथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील विल क्राउदर हा प्रोग्रामर हौसेने गुहांमध्ये उतरत असे. केंटकीतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत त्याने स्वतः पाहिलेल्या वाटांवरून त्याने 1970च्या दशकाच्या मध्याला, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून, केवळ शब्दांचा एक खेळ रचला, आणि 1977 मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घालून तो वाढवला. चित्र एकही नाही. 'उत्तरेला जा', 'कंदील घे' अशा आज्ञा टंकित करायच्या आणि समोर काय आहे ते वाचायचे. त्या खेळातील कंदिलाची बॅटरी ठरावीक चालींनंतर संपते. नवी बॅटरी मिळण्याची सोय आहे, पण तीही गुहेच्या एका अडगळीच्या कोपऱ्यात आणि नाणी खर्च करून. म्हणजे खेळणाऱ्याला अमर्याद भटकू द्यायचे नाही, हे भान या प्रकाराच्या पहिल्याच खेळात होते. त्यानंतर अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील तरुणांनी 'झोर्क' रचला. तो मोठ्या संगणकावर लिहिलेला होता आणि घरगुती संगणकांच्या तुटपुंज्या स्मृतीत मावेना, म्हणून इन्फोकॉम कंपनीने त्याचे तीन भाग केले आणि ते 1980, 1981 आणि 1982 मध्ये विकायला आणले. ते तुकडे यंत्राच्या अडचणीमुळे पडले हे खरे, पण प्रत्येक भाग खेळणाऱ्याच्या डोक्यात मावेल एवढा झाला, हा त्याचा फायदा मला मोठा वाटतो.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. आम्ही बेळगावातल्या वडगावचे. वडील यंत्रमागावर साड्या विणत. घरात दिवसभर मागाचा खडखडाट असे आणि शाळेतून आल्यावर कांड्या भरून देणे हे आम्हा भावंडांचे काम होते. 1996च्या पावसाळ्यात माझा मामेभाऊ पुण्याहून काही फ्लॉपी घेऊन आला आणि मामाच्या संगणक वर्गात रात्री शिकवणी संपल्यावर आम्ही त्या लावून पाहिल्या. त्यांत 'लूम' नावाचा गेम होता. लूम म्हणजे माग. लुकासफिल्म गेम्सने 1990 मध्ये काढलेला, ब्रायन मोरियार्टी यांनी रचलेला हा खेळ विणकरांच्या एका टोळीविषयी आहे. त्यांचे विणकाम इतके सूक्ष्म होत गेले आहे की ते आता सुतापलीकडचे, जगाचेच धागे हाताळू लागले आहेत. त्यातील तरुण नायकाजवळ पिशवीभर वस्तू नसतात. सूत गुंडाळण्याची एक काठी तेवढी असते. त्या काठीवर चार स्वर ओळीने वाजवले की एक क्रिया घडते. बंद वस्तू उघडते, गवताचे सोने होते, कापडाला रंग चढतो. तेच स्वर उलट्या क्रमाने वाजवले की उलट क्रिया घडते. खेळासोबत एक वही मिळत असे, तिच्यात सापडलेले स्वर पेन्सिलीने लिहून ठेवायचे असत, कारण त्यांतील बरेचसे प्रत्येक नव्या खेळात बदलत. आमच्याकडे ती वही नव्हती. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत ते स्वर लिहिले, अगदी वडील साडीच्या काठाची नक्षी चौकटींवर उतरवून ठेवत तसेच.

तो खेळ आम्ही दोन रात्रींत संपवला. त्या काळात त्याच्यावर 'फार छोटा, फार सोपा' अशी टीका झाली होती, हे मला पुढे अनेक वर्षांनी समजले आणि वाईट वाटले. त्या खेळात खेळणारा कधी मरत नाही, कुठे कायमचे अडकायला होत नाही, सुरुवातीला शिकलेला स्वर शेवटापर्यंत उपयोगी पडतो. तो संपला तेव्हा मला त्यातील प्रत्येक जागा, प्रत्येक स्वर आणि प्रत्येक पात्र आठवत होते. आजही आठवते. पूर्ण कापड एका नजरेत दिसावे तसा तो खेळ माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि हे सुख मला साठ तासांच्या एकाही खेळाने दिलेले नाही.

त्याच पावसाळ्यात आम्ही 1984चा 'किंग्ज क्वेस्ट'ही खेळलो. त्यात एक बुटका म्हातारा भेटतो आणि आपले नाव ओळखायला सांगतो. दुसरीकडे एक चिठ्ठी सापडते, तिचा आशय असा की कधी कधी उलटा विचार करणे शहाणपणाचे असते. उत्तर असे की युरोपातील एका परीकथेतील 'रम्पेलस्टिल्टस्किन' हे नाव घ्यायचे आणि इंग्रजी वर्णमाला उलटी मांडून त्यातील प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहायचे. नाव चुकले तरी पुढे जाण्याची दुसरी वाट त्या खेळात आहे, पण आम्हाला ते नावच हवे होते. आमचे शिक्षण मराठी माध्यमातले, गल्लीबाहेरच्या पाट्या कानडी, आणि खेळ इंग्रजीत. ती परीकथा आमच्यापैकी कोणी ऐकलेली नव्हती. आम्ही तीन आठवडे शब्दकोश चाळत बसलो. त्या तीन आठवड्यांना खेळाची लांबी म्हणायचे असेल, तर ती लांबी खेळाच्या गुणाची नसून आमच्या आणि त्याच्या भाषेतील अंतराची होती. सीमाभागातील मराठी मुलांना हे अंतर आजही पार करावे लागते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलाला दहा तास लागणाऱ्या, संवादांनी भरलेल्या गेमला आमच्या भाचीसारख्या मुलीला किती वेळ लागेल, याचा विचार आपल्या यादीतील रकाना करत नाही.

तासांचा आकडा किती पोकळ असतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण मला 'मिस्ट' वाटते. रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा हा गेम 1993 मध्ये सीडीवर आला आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. एका निर्मनुष्य बेटावर आपण येतो. सूचना नाहीत, मृत्यू नाही, वेळेचे बंधन नाही. आम्हाला तो संपवायला दीड महिना लागला. परंतु शेवटी जी गोष्ट करायची असते ती कशी करायची, हे आधीच माहीत असेल तर तोच गेम काही मिनिटांत पूर्ण होतो, कारण बेटावरची ती जागा पहिल्यापासून आपल्यासमोरच असते. 2019 मधील 'आउटर वाइल्ड्स' याच वाटेने गेला. त्यात दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि खेळ पुन्हा पहिल्या क्षणापाशी येतो. नवे शस्त्र नाही, नवी शक्ती नाही. मागच्या फेरीत जे कळले तेवढेच घेऊन पुढे जायचे. शेवट गाठायला लागणारा सगळा वेळ समजून घेण्याचा असतो. अशा खेळाची लांबी मला कधीच जाचली नाही, कारण त्यातला प्रत्येक तास मला काहीतरी कळल्याचा होता.

म्हणूनच लांब खेळ सरसकट वाईट असे माझे म्हणणे नाही. नॉर्वेच्या फनकॉम कंपनीचा 1999 मधील 'द लाँगेस्ट जर्नी' मी नोकरीच्या पहिल्या वर्षी खेळले. त्यातील एप्रिल ही चित्रकलेची विद्यार्थिनी दोन जगांमध्ये ये-जा करते. एक विज्ञानाचे, दुसरे जादूचे. तिचे रोजचे जगणे, खानावळ, मैत्रिणी, भाड्याची खोली यांत आपण सावकाश रमलो नाही, तर दुसरे जग दिसल्यावर तिला बसणारा धक्का आपल्याला बसणार नाही. तेथे लांबी गोष्टीच्या गरजेतून आलेली आहे. परंतु त्याच खेळात रेल्वेच्या रुळांवर पडलेली किल्ली काढण्यासाठी कपडे वाळवण्याची दोरी, एक चिमटा आणि हवा भरलेले रबरी बदक एकत्र जोडावे लागते. त्या कोड्याशी मी पाच संध्याकाळी झगडले, आणि त्या पाच संध्याकाळी एप्रिलची गोष्ट जागची हलली नाही. आवडता खेळ असला तरी ते कोडे मला आजही खटकते. लांबीमध्ये गोष्टीने मागितलेली लांबी आणि नुसती वाट अडवून वाढवलेली लांबी, असा भेद करावाच लागतो.

शिवाय मोठ्या माणसांचे जगणे अखंड नसते. माझ्यासारखी नोकरी आणि घर सांभाळणारी बाई आठवड्यातून दोन-तीन तास खेळू शकते. मध्ये परीक्षा येतात, लग्नसराई येते, गणपती येतात, पावसाळ्यात वीज जाते. तीन आठवड्यांनी गेम पुन्हा उघडला की पिशवीतली ती गंजलेली चावी कुठल्या दाराची, त्या म्हाताऱ्याने काय सांगितले होते, नकाशातली कोणती बाजू पाहायची राहिली होती, काहीच आठवत नाही. धावण्या-लढण्याच्या खेळात बोटांना सवय राहते. कोड्यांच्या खेळात सारे काही आठवणीवर चालते आणि आठवण तुटली की खेळ तुटतो. मी अर्ध्यावर सोडलेल्या गेम्सपैकी बहुतेक गेम मला आवडलेलेच होते. एक तर शेवटच्या टप्प्यात असताना, ज्या नेट कॅफेत मी खेळत असे तेथील संगणक एकदम साफ केले गेले आणि माझी दोन महिन्यांची साठवलेली प्रगती गेली. तो गेम मी पुन्हा सुरू करू शकले नाही, आणि त्यातील बहीण-भावाची भेट झाली की नाही हे मला ठाऊक नाही. दोन तासांच्या खेळात असे नुकसान झाले असते, तर मी दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा बसले असते.

छोट्या कलाकृतीचे मोल आपल्याला नव्याने समजावून सांगण्याची गरज नसावी. बेळगावात एकांकिका पाहायला रसिक आवर्जून येतात आणि पाऊण तासाच्या प्रयोगाला 'तीन अंक का नाहीत' असे कोणी विचारत नाही. शब्दांनी खेळायच्या ॲडव्हेंचर गेम्सचीही अशीच एक वार्षिक स्पर्धा 1995 पासून भरत आली आहे, आणि तिचा नियम असा की परीक्षकाने जास्तीत जास्त दोन तास खेळून गुण द्यायचे. या मर्यादेमुळे लेखकांनी खेळ आखडते केले, अडवणुकीची कोडी गाळली आणि गोष्टीकडे लक्ष दिले. 1998 मध्ये ॲडम कॅडर यांच्या 'फोटोपिया'ने ती स्पर्धा जिंकली. त्यात कोडी जवळजवळ नाहीतच, आणि तो एका बैठकीत संपतो. तरीही त्याच्या शेवटानंतर मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते. चित्रांच्या खेळांतही हेच दिसते. 2017 मधील 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' दोन तासांच्या आसपास संपतो, आणि ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाचा मान त्यालाच मिळाला.

तरी बाजाराचा कल उलटा आहे आणि आपल्या यादीसारखे लेखन नकळत त्याला हातभार लावते. स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाचा नियम असा आहे की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेमचे पैसे परत मिळतात. ग्राहकाच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण दीड तासाचा गेम संपूर्ण खेळून, आवडला असे सांगूनही पैसे परत मागता येतात. 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा छोटा भयखेळ एकट्याने रचणाऱ्या निर्मात्याने 2021 मध्ये, याच कारणाने उत्पन्न उरत नाही असे सांगून, खेळ बनवणेच काही काळ थांबवत असल्याचे जाहीर केले. खानावळीत पोटभर जेवून पैसे परत मागणाऱ्याला आपण काय म्हणू?

छोटा आणि अपुरा यांतला फरक मात्र नीट पाहिला पाहिजे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' आणला, तेव्हा मी तो मोठ्या अभिमानाने घेतला. सर्कशीत वाढलेली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. त्यातले वाडे, जाळीच्या खिडक्या, भिंतींवरची चित्रे पाहून डोळे निवले. पण तो संपला तेव्हा गोष्ट पुरी झाल्याचे समाधान मला मिळाले नाही. अजून एक अंक असायला हवा होता असे वाटले. त्या खेळाला आणखी दोन तास मिळाले असते, तर मी आनंदाने दिले असते. गोष्टीने जेथे थांबायला हवे तेथे ती थांबली का, एवढेच मला पाहायचे असते.

आणि थांबायचे कुठे हे ज्याला नेमके कळले असा एक खेळ सांगते. 2019 मधील 'अ शॉर्ट हाइक'. क्लेअर नावाची पक्ष्याची पोर सुट्टीला एका बेटावरील मावशीकडे येते. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची असते आणि फोनला रेंज मिळते ती फक्त डोंगराच्या माथ्यावर. एवढीच गोष्ट. वाटेत मासे पकडा, कोणाचे हरवलेले शोधून द्या, सोन्याची पिसे गोळा करा म्हणजे अधिक उंच चढता येते. माझी आत्या कणकुंबीच्या बाजूला राहते आणि तिला भेटायला गेल्यावर घरी फोन करायचा तर आम्हीही टेकडी चढत असू, त्यामुळे हा खेळ मला पहिल्या पाच मिनिटांतच आपला वाटला. दीड-दोन तासांत क्लेअर माथ्यावर पोहोचते, फोन येतो, आणि ती इतकी धास्तावलेली का होती हे कळते. रविवारी सकाळी येळ्ळूरचा राजहंसगड चढून दुपारी जेवायला घरी येणाऱ्या माणसाला आपण 'एवढ्याशा गडावर कशाला गेलात' असे म्हणत नाही.

छोट्या खेळाचा आणखी एक गुण सीमाभागातील मराठी माणसासाठी फार महत्त्वाचा आहे: तो थोड्या माणसांना बनवता येतो. टोरंटोतील एका छोट्या चमूने 2023 मध्ये 'वेन्बा' हा गेम काढला. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबातील आईकडे तिच्या आईची पाककृतींची वही असते; तिची पाने फाटली आहेत, अक्षरे पुसली आहेत, आणि उरलेल्या खुणांवरून पदार्थ पुन्हा जुळवायचा हेच कोडे. पहिलाच पदार्थ इडली. मुलगा मोठा होतो तसा तमिळपासून दुरावत जातो. सगळा खेळ दीड तासाच्या आतबाहेर संपतो, आणि त्यात एका भाषेच्या घरातील तीस वर्षे मावली आहेत. भाचीने तो खेळल्यावर मला विचारले, "मावशी, असा मराठीत का नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. साठ तासांचा मराठी गेम बनवायला शेकडो माणसे आणि कोट्यवधी रुपये लागतील, आणि ते कोणी घालणार नाही. एका तासाचा बनवायला एक लेखणी आणि एक जुना संगणक पुरतो. ट्वाइन नावाचे मोफत साधन 2009 पासून उपलब्ध आहे, त्यात देवनागरीत लिहिता येते आणि तयार झालेला खेळ साध्या स्मार्टफोनवर उघडतो. प्रोग्रामिंग येत नसले तरी चालते.

भाचीने गेल्या महिन्यात ट्वाइनमध्ये एक खेळ लिहायला सुरुवात केली आहे. वडगावच्या एका घरात माग बंद पडला आहे, आजोबांचा धोटा हरवला आहे, आणि काठाची नक्षी ज्या चौकटीच्या वहीत आहे तिची चार पाने गहाळ आहेत. आतापर्यंत झालेला भाग खेळायला वीस मिनिटे लागतात. मी तो चार वेळा खेळले आणि दोन ठिकाणी कोडे अवघड झाल्याचे तिला सांगितले. एक तिने सोपे केले, दुसरे तसेच ठेवण्यावर ती ठाम आहे.

आपणास विनंती अशी की पुढील यादीत तासांचा रकाना ठेवायचाच असेल, तर त्यासोबत परीक्षकाने तो गेम स्वतः शेवटपर्यंत खेळला का आणि कोणत्या ठिकाणी त्याला कंटाळा आला, हेही छापावे. तसेच एका बैठकीत संपणाऱ्या मराठी खेळांसाठी पुरवणीत महिन्यातून एकदा दोन स्तंभांची जागा द्यावी. भाचीचा खेळ दिवाळीपर्यंत पूर्ण होईल असे ती म्हणते. तो आपल्याकडे पाठवण्याची परवानगी असावी.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, वडगाव, बेळगाव